न्हावी बदलताना एवढा संकोच कशाला?

साबण बदलला तर कुणाला काही वाटत नाही. वाणी बदलला, दूधवाला बदलला, मुलाची शिकवणी बदलली, तरी माणूस चार लोकांत उघडपणे सांगतो. पण न्हावी बदलायचा म्हटले की भल्याभल्यांची पंचाईत होते. मोर्चात पुढे राहून घोषणा देणारा, साहेबाच्या टेबलावर हात आपटून बोलणारा माणूससुद्धा जुन्या न्हाव्याच्या दुकानासमोरून जाताना मान फिरवतो. हा विषय हसण्यावारी नेण्याजोगा वाटेल. परंतु आपल्या समाजाच्या दृष्टीने पाहिले तर वस्तरा आणि कातरी यांच्याशी आपला इतिहास जोडलेला आहे. म्हणून या संकोचाचा थोडा शांतपणे विचार करावा, असे वाटते.

एका रस्त्यावरची वस्ती

आरे कॉलनीत राहणाऱ्यांना हा प्रश्न जास्त सतावतो, याला कारण आहे. १९४९ साली या वसाहतीची उभारणी सुरू झाली. मुंबई शहरात जागोजागी असलेले म्हशींचे गोठे एका ठिकाणी आणावेत आणि शहराला स्वच्छ दूध मिळावे, ही कल्पना दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी पुढे नेली. ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते वसाहतीचे उद्घाटन झाले. युनिटवार तबेले बांधले गेले, कामगारांसाठी खोल्या झाल्या. मूळचे वारली आणि इतर आदिवासी बांधव त्याआधीपासून पाड्यांवर राहत होतेच. पुढे राज्याच्या वेगवेगळ्या जिल्ह्यांतून पोटासाठी आलेली आपली कुटुंबेही इथे विसावली. आज तबेले, पाडे, कर्मचाऱ्यांच्या खोल्या, झोपड्या आणि पुनर्वसनाच्या इमारती असे सगळे या एका वसाहतीत आहे.

पण वस्ती कितीही पसरली तरी मुख्य रस्ता एकच, दिनकरराव देसाई मार्ग. एका टोकाला गोरेगाव, दुसऱ्या टोकाला मरोळ. बस पकडायची असो, रेशन आणायचे असो, माणूस याच रस्त्यावर येतो. अशा ठिकाणी न्हाव्याला चुकवून जाणार कुठून? दुकान रस्त्यावर आणि दुकानातली खुर्ची रस्त्याकडे तोंड करून. आरशात येणारा-जाणारा प्रत्येक जण दिसतो. डोक्यावर ताजी कटिंग दिसली आणि ती आपल्या हातची नाही, हे कारागिराला दुरूनच कळते.

मग लोक युक्त्या करतात. कुणी तबेल्यामागच्या पायवाटेने घरी जातो. अंधार पडल्यावर त्या वाटेने बिबट्या फिरतो, हे लहान मुलालाही ठाऊक आहे. म्हणजे बिबट्या परवडला, पण चाचांची नजर नको! कुणी आठ दिवस टोपी घालून फिरतो. कुणी विचारायच्या आतच सांगून टाकतो, ‘‘गावी गेलो होतो, तिथेच घाईत कापले.’’ चाचाही हसून ‘‘अच्छा, अच्छा’’ म्हणतात. त्यांना सगळे समजलेले असते.

ही लाज नेमकी कशाची? न्हाव्याकडे आपले काही देणे राहिलेले नसते. पैसे रोखीने दिलेले असतात. करार नाही, चिठ्ठी नाही. तरीही मन खाते. कारण हजामत हा नुसता रोख व्यवहार नाही. आपण डोळे मिटून, मान मागे टाकून, गळ्यावर वस्तरा ठेवू देतो. एवढा विश्वास आपण सख्ख्या भावावरही सहसा टाकत नाही. पोराची पहिली कटिंग त्याने केलेली असते, लग्नाच्या सकाळची दाढी त्याने केलेली असते, वडील अंथरुणाला खिळले तेव्हा तो घरी येऊन त्यांचे केस कापून गेलेला असतो. असा माणूस सोडताना जिवाला लागणारच. तसे काही वाटले नाही तर उलट काळजी करावी.

जेव्हा न्हावीच नव्हता

पण आपल्या घरांत या विषयाला आणखी एक पदर आहे, आणि तो मुलांना सांगितला पाहिजे. न्हावी बदलायचा की नाही हा प्रश्न ज्याला न्हावी आहे त्याला पडतो. आपल्या आजा-पणजाला न्हावीच नव्हता.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत साताऱ्याचे बालपण सांगितले आहे. १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ही पुस्तिका छापली. त्यात त्यांनी लिहिले आहे की, घरातल्या मुलांचे केस त्यांची थोरली बहीण कापीत असे आणि हात बसून बसून ती त्या कामात तरबेज झाली होती. साताऱ्यात न्हावी नव्हते असे नाही. पैसे देण्याची ऐपत नव्हती असेही नाही. वडील सैन्यात सुभेदार राहिलेले. पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला एकही न्हावी तयार नव्हता. पुढे जगातल्या नामांकित विद्यापीठांच्या पदव्या घेऊन ज्या मस्तकाने या देशाची राज्यघटना घडविली, त्या मस्तकाचे केस लहानपणी घरातल्या एका मुलीला कापावे लागले. ही गोष्ट आपल्या मुलांनी वर्षातून एकदा तरी ऐकावी.

खेड्यापाड्यांत हेच होते. कुणाचे केस मामा कापी, कुणाचे शेजारचा. आपल्यातच एखादा हात बसलेला माणूस असे, त्याच्यापुढे रविवारी पोरे रांगेने बसत. हत्यार बोथट, मानेवर ओरखडे. गावचा न्हावी आपल्या डोळ्यांदेखत पाटलाच्या ओसरीवर धोकटी उघडून बसे. पण महारवाड्याकडे त्याची पावले वळत नसत.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. गावगाड्यात न्हावीही बलुतेदार होता आणि महारही बलुतेदार होता. सुगीला पेंढ्या मागण्यासाठी दोघांनाही खळ्यावर उभे राहावे लागे. न्हाव्याने आपल्या मनाने एखाद्या अस्पृश्याची हजामत केली असती तर गावाने त्याचे बलुते बंद केले असते. ज्याला आपले गिऱ्हाईक निवडता येत नव्हते, त्याला आपले मतही निवडता येत नव्हते. यामुळे अन्याय लहान होत नाही, परंतु अन्यायाची दोरी कुणाच्या हाती होती ते कळते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले आणि महारांनी वतनाच्या लोभातून बाहेर पडावे, असे बजावले. त्यामागचा विचार हाच होता. जन्माने चिकटलेले काम आणि जन्माने चिकटलेले गिऱ्हाईक, दोन्ही बेड्याच आहेत.

नाभिक समाजाचा एक मोठा अभिमानास्पद प्रसंगही आपल्या मुलांना ठाऊक हवा. १८९० साली मुंबईत नाभिकांनी सभा घेऊन विधवांचे केशवपन करायचे नाही, असा निर्धार केला. त्यामागे सत्यशोधक चळवळीची शिकवण आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांचा पुढाकार होता. ज्या वस्तऱ्यावर पोट चालते तोच वस्तरा अन्यायासाठी उचलायला नकार देणे, ही साधी गोष्ट नाही. याच लोखंड्यांच्या प्रयत्नांमुळे त्याच वर्षी, १० जून १८९० रोजी, गिरणीमालकांनी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. आज रविवारी सकाळी सलूनच्या बाकड्यावर वर्तमानपत्र चाळत आपण नंबर लागण्याची वाट पाहतो. ती सकाळही कुणीतरी झगडून मिळवून दिलेली आहे.

गळ्याभोवतीचा टॉवेल

आमच्या वस्तीत एक आजोबा आहेत. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आले, तबेल्यात शेण काढण्यापासून सुरुवात केली. त्यांची हजामत आजही एकाच दुकानात होते. दुकान कसले, आधी झाडाच्या बुंध्याला टांगलेला आरसा आणि खाली एक लाकडी खुर्ची होती. मग पत्र्याची टपरी झाली, आता छोटा गाळा आहे. दुकान चालवणारे चाचा उत्तर प्रदेशचे. आता हात थोडा थरथरतो, म्हणून कात्री बहुतेक त्यांचा मुलगाच चालवतो.

आजोबा सांगतात, ‘‘मी पहिल्यांदा त्या खुर्चीजवळ गेलो तेव्हा उभाच राहिलो. बसायचे धाडस होईना. वाटले, आता हा विचारणार, कुठल्या गावचा, कोणाचा. त्याने काही विचारले नाही. टॉवेल झटकला, माझ्या गळ्याभोवती गुंडाळला आणि म्हणाला, छोटा करूं के मीडियम? बाविसाव्या वर्षी मला पहिल्यांदा कुणी विचारले की तुला कसे पाहिजे.’’

आता हे ऐकल्यावर कुणाची हिंमत आहे त्या आजोबांना सांगायची की दुकान बदला?

पण त्यांच्या नातवाने बदलले. मुलगा कॉलेजात शिकतो, संध्याकाळी कुरिअरच्या कंपनीत काम करतो. त्याला बाजूने बारीक आणि वर लांब असे केस हवे होते. चाचांच्या मुलाला ते जमेना. दोनदा बिघडले. तिसऱ्या वेळी नातू गोरेगाव स्टेशनजवळच्या काचेच्या दाराच्या सलूनमध्ये गेला. घरात मोठा वाद झाला. मुलाचे वडील म्हणाले, ‘‘आजोबांनी ज्याच्या हातून मान मिळवला त्याला तू दोन इंच केसांसाठी सोडलास?’’ आई म्हणाली, ‘‘चाचा मला भाजी घेताना भेटतात, मी त्यांना काय तोंड दाखवू?’’ मुलगा बिचारा अपराध्यासारखा बसला.

वाद मिटवला तो आजोबांनीच. ते मुलाच्या वडिलांना म्हणाले, ‘‘गावात आपल्याला न्हावी नव्हता, म्हणून बदलायचा सवाल नव्हता. इथे आलो तेव्हा एक मिळाला, म्हणून मी त्याला धरून राहिलो. ह्याला दहा दिसतात. दहांतून एक निवडतो, ह्यात काय चुकले? पण,’’ नातवाकडे वळून म्हणाले, ‘‘चोरासारखा जाऊ नकोस. आपण चोरी केलेली नाही.’’

नातू दुसऱ्या दिवशी चाचांकडे गेला आणि सरळ सांगितले. चाचा थोडे गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘बेटा, दाढी के लिए आ जाना.’’ त्यांना वाईट वाटले नाही असे नाही. पण आता तो मुलगा त्या दुकानासमोरून ताठ मानेने जातो आणि चाचा आतून हात करतात. वाईट वाटणे आणि तोंड चुकवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली टाळता येत नाही, दुसरी टाळता येते.

गिऱ्हाईकाचा हक्क आणि दुकानदाराचे कर्तव्य

यात एक कायद्याचा मुद्दा आहे. आपल्या तरुणांनी तो नीट लक्षात ठेवावा.

२९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मूलभूत हक्कांवर चर्चा चालू होती. दुकानांत प्रवेशाच्या बाबतीत जात, धर्म, वंश यांवरून भेदभाव होणार नाही, असे कलम समोर होते. ‘दुकान’ म्हणजे नेमके काय, असा प्रश्न सभासदांनी विचारला. बाबासाहेबांनी उत्तर दिले की, हा शब्द केवळ आत शिरू देण्यापुरता वापरलेला नाही. जो कोणी आपली सेवा लोकांना देऊ करतो, त्याची सेवा ठरलेल्या मोबदल्यात मागण्याचा हक्क त्यात येतो. साताऱ्यात ज्या मुलाच्या डोक्याला न्हाव्याने हात लावला नाही, त्यानेच मोठेपणी देशाच्या सभागृहात उभे राहून दुकानाची ही व्याख्या सांगितली! ते कलम आज घटनेत पंधरावे आहे. त्याच दिवशी अस्पृश्यता नष्ट करणारे कलमही समितीने मंजूर केले. आज ते सतरावे कलम आहे.

पुढे १९५५ साली अस्पृश्यता (गुन्हे) कायदा झाला. १९७६ मध्ये तो अधिक कडक करून त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा असे नाव देण्यात आले. या कायद्यात दुकानाच्या व्याख्येत धुलाईच्या दुकानाबरोबर केशकर्तनालयाचा स्पष्ट उल्लेख आहे. अस्पृश्यतेच्या कारणाने तिथे कुणाला अडवले तर एक ते सहा महिने कैद आणि दंड अशी शिक्षा सांगितली आहे. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्याच्या जोडीला आहेच.

याचा अर्थ सरळ आहे. गिऱ्हाईक आपल्या मर्जीने दुकान बदलू शकते. दुकानदार मात्र जात पाहून गिऱ्हाईक नाकारू शकत नाही. पहिली गोष्ट स्वातंत्र्य आहे, दुसरी गुन्हा आहे.

‘‘हे सगळे जुने झाले हो,’’ असे म्हणणारे आपल्यातही भेटतात. त्यांनी दोन बातम्या आठवाव्यात. २०२० साली कर्नाटकात म्हैसूर जिल्ह्यातल्या नंजनगूड तालुक्यात हल्लरे गावी एका नाभिकाने दलितांचे केस कापले, म्हणून गावातल्या वरच्या म्हणवणाऱ्या लोकांनी त्याला पन्नास हजार रुपये दंड ठोठावला आणि त्याच्यावर बहिष्कार टाकल्याचे वृत्त सर्वत्र आले होते. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये गुजरातेतील बनासकांठा जिल्ह्याच्या आलवाडा गावात दलितांना गावातल्या सलूनमध्ये पहिल्यांदा खुर्चीवर बसता आले, तेव्हा ती वृत्तपत्रांत छापण्याजोगी बातमी ठरली. तोपर्यंत ते लोक केस कापायला दुसऱ्या गावी जात. स्वातंत्र्याला अठ्ठ्याहत्तर वर्षे झाल्यावर एका कटिंगची बातमी होते! आपल्या वस्तीतले बुजुर्ग पूर्वी गावी जायच्या आदल्या दिवशी मुंबईतच कटिंग करून निघत. ‘‘तिथे कशाला परीक्षा बघायची,’’ असे म्हणत. ती सवय कुठून आली, हे नव्या पिढीने समजून घ्यावे.

उपालीचा मान

बौद्ध म्हणून आपल्याला या कारागिराकडे पाहण्याची एक वेगळी दृष्टी भगवान बुद्धांनी दिली आहे. उपाली हा शाक्यांचा न्हावी. अनुरुद्ध, आनंद, भद्दिय, देवदत्त इत्यादी शाक्य राजपुत्र घर सोडून निघाले तेव्हा तो त्यांच्याबरोबर होता. सीमेपाशी त्यांनी आपले अलंकार काढून त्याला दिले आणि परत जायला सांगितले. उपालीने विचार केला, हे दागिने घेऊन मी परतलो तर शाक्य मला जिवंत ठेवणार नाहीत. आणि राजपुत्र प्रव्रज्या घेऊ शकतात तर मी का नाही? त्याने अलंकारांचे गाठोडे झाडाला टांगले आणि तोही मागोमाग निघाला.

राजपुत्रांनीच भगवंतांना विनंती केली की, आमच्या आधी उपालीला दीक्षा द्यावी. आम्ही शाक्य अभिमानी आहोत. तो आधी भिक्खू झाला म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा ताठा उतरेल. तसेच झाले. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पतितांच्या आणि दलितांच्या धम्मदीक्षेच्या भागात उपालीची कथा आधी घेतली आहे. पुढे भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली तेव्हा विनयाचे नियम सांगण्याचा मान उपालीला मिळाला. सगळ्या संघाची शिस्त ज्याच्या मुखातून आली तो पूर्वाश्रमीचा न्हावी होता.

आज आपल्या विहारात श्रामणेर शिबिर लागले की मुलांचे मुंडन करायला कारागीर बोलावला जातो. अशा वेळी त्याला कोपऱ्यात बसवून, काम झाल्यावर पैसे हातावर टेकवून वाटेला लावू नये. त्याला चहा द्यावा, भोजनदानात पंगतीला बसवावे आणि मुलांना उपालीची गोष्ट त्याच्यासमोर सांगावी.

भगिनींची अडचण

पुरुषांना वाटते की ही पंचाईत आपलीच. घरातल्या बायकांना विचारा! वस्तीत एखादी ताई दहा बाय दहाच्या खोलीत पडदा लावून पार्लर चालवते. ती नुसती पार्लरवाली नसते. ती भिशीत असते, महिला मंडळात असते, वर्षावासात ग्रंथवाचनाला शेजारी बसते. तिच्याकडे भुवया बिघडल्या म्हणून दुसरीकडे गेले तर मंगळवारी मंडळात तिच्याच मांडीला मांडी लावून बसायचे. म्हणून कित्येक जणी वाकड्या भुवया घेऊन फिरतात, पण तोंडातून शब्द काढत नाहीत.

भगिनींनो, असे करू नका. त्यात तुमचेही नुकसान आणि त्या ताईचेही. तिने कुठेतरी तीन महिन्यांचा कोर्स करून, कर्ज काढून खुर्ची आणि आरसा घेतलेला असतो. तिला तिची चूक कुणीच सांगत नाही. गिऱ्हाइके एकेक करून गुपचूप कमी होतात आणि एक दिवस पार्लर बंद पडते. मग आपणच म्हणतो, ‘‘आपल्या लोकांना धंदा जमत नाही.’’ धंदा जमत नाही की आपल्याला खरे बोलणे जमत नाही? दोन शब्द प्रेमाने सांगितले असते तर ती सुधारली असती.

दुसरीही बाजू आहे. आपल्यातला एखादा मुलगा प्रशिक्षण घेऊन सलून काढतो. त्याचे कौतुक करण्याऐवजी आपल्यातलेच काही नाक मुरडतात. ‘‘शिकून सवरून हेच करायचे होते का?’’ का करू नये? बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे उच्चाटन’मध्ये दाखवून दिले की जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. त्याचा अर्थ असा की न्हाव्याचा मुलगा इंजिनिअर व्हावा आणि आपला मुलगा आवडीने हेअर स्टायलिस्ट व्हावा. कोणताही धंदा जन्माने करावा लागला तर बेडी, आपखुशीने केला तर कला.

बदलावे केव्हा, कसे?

आता थोडे व्यवहाराचे बोलू.

दाढीला नवे ब्लेड लावत नसेल, अर्धे ब्लेड आधीच्या माणसाचे तसेच वापरत असेल, तर आधी सांगा. ऐकले नाही तर त्याच दिवशी दुकान बदला. यात संकोच अजिबात नको. वापरलेल्या ब्लेडमधून हिपॅटायटिस बी, सी यांसारखे रक्तातून पसरणारे आजार होऊ शकतात. नवे ब्लेड आपल्यासमोर कागदातून काढायला सांगणे हा अविश्वास नव्हे, ती सावधगिरी आहे.

काम मनासारखे होत नसेल तर एकदा, दोनदा स्पष्ट सांगून पाहा. आपण ‘‘बरोबर आहे’’ म्हणत उठतो आणि घरी येऊन आरशासमोर चरफडतो. आपल्याला काय हवे ते सांगायला शिकणे हीसुद्धा स्वाभिमानाचीच गोष्ट आहे.

घर बदलले, पगार कमी झाला, मुलांचा खर्च वाढला, ही कारणेही खरी आहेत. ती सांगण्यात कमीपणा नाही. लॉकडाउनने तर सगळ्यांचेच न्हावी बदलले. २०२० च्या मार्चपासून दुकाने बंद झाली. महाराष्ट्रात २८ जूनला केस कापायची परवानगी मिळाली, दाढीची नव्हे. त्या तीन महिन्यांत घरोघरी बायकोने नवऱ्याचे, बहिणीने भावाचे केस कापले. कित्येक कारागीर गावी गेले. परत आले तेव्हा त्यांची गिऱ्हाइके दुसरीकडे गेली होती. अशा माणसाकडे महिन्यातून एकदा दाढीला तरी बसावे.

पण काही कारणांनी न्हावी बदलू नये. तो अमक्या जातीचा आहे, तमक्या धर्माचा आहे, परप्रांतीय आहे, म्हणून त्याच्याकडे जाऊ नका, असे निरोप हल्ली मोबाईलवर फिरतात. बहिष्कार काय असतो हे आपल्याइतके कुणाला ठाऊक आहे? ज्या विषाने आपल्या पूर्वजांच्या डोक्याला हात लागू दिला नाही, तेच विष दुसऱ्याच्या ताटात वाढायला आपण कसे तयार होऊ? असा निरोप आपल्या घरातल्या मोबाईलवर आला तर पुढे पाठवू नये आणि मुलांना त्याचे कारण समजावून सांगावे.

आणि सांगायचे कसे? सोपे आहे. गर्दी नसताना दुकानात जावे. गिऱ्हाइकांसमोर बोलू नये. ‘‘दादा, इतकी वर्षे तुम्ही सांभाळलेत. आता अमुक कारणाने मी दुसरीकडे जातोय. राग नसावा,’’ एवढे म्हणावे. उधारी असेल तर चुकती करावी. खोटे कारण देऊ नये. ‘गावी कापले’, ‘बायकोने कापले’ या थापा आपल्या पंचशीलात बसत नाहीत. चौथे शील फक्त विहारात म्हणण्यासाठी नाही, ते सलूनमध्येही पाळायचे आहे. नंतर रस्त्यात भेट झाली की आधी आपण ‘‘कसे आहात?’’ म्हणावे. तोडायचे ते गिऱ्हाइकाचे नाते, माणुसकीचे नव्हे.

कारागीर बांधवांनाही एक विनंती. गिऱ्हाईक गेले तर टोमणा मारू नका. तुमच्या खुर्चीवर तो सक्तीने बसलेला नव्हता आणि तुम्हीही त्याचे बलुतेदार नाही. त्याला मोकळेपणाने जाऊ दिले तर तो मोकळेपणाने परतही येतो.

या रविवारी मुलाला कटिंगला नेताना बाकड्यावर बसल्या बसल्या त्याला एवढे जरूर सांगा. ज्या खुर्चीत तू बसणार आहेस, तिच्यात बसता यावे म्हणून कायदा करावा लागला. तेव्हा खुर्ची कोणतीही निवड, पण बसताना ताठ बस आणि उठताना कारागिराचे आभार मान.